उत्तरेचं ऊन

थंडीच्या दिवसांत वर्तमानपत्रात एक बातमी ठरलेली असते: महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात दवबिंदू गोठले. सोबत छायाचित्र. गाड्यांच्या टपावर, गवतावर, बोटींच्या धक्क्यावर पांढरा पापुद्रा आणि तो नखाने खरवडून पाहणारे पर्यटक. बातमीच्या शेवटी बहुधा आणखी एक आकडा असतो, गावातल्या किमान तापमानाचा, आणि तो शून्यापासून चांगलाच दूर असतो. बाजारपेठ आणि तलाव यांत अंतर दोन-तीन किलोमीटरांचं. एकाच गावात, एकाच रात्री, इथे पाणी गोठतं आणि तिथे स्वेटरवर भागतं.

निरभ्र आणि वारा पडलेल्या रात्री जमीन दिवसभर साठवलेली उष्णता आकाशाकडे सोडत राहते. तिच्या लगतची हवा गार होते. गार हवा जड, म्हणून ती उताराने ओघळते आणि खोलगट जागी साचते. वेण्णा आणि लिंगमळा या बाजूचा भाग असा खोलगट आहे. निफाडच्या पट्ट्यात पारा फार उतरला की द्राक्षबागायतदार बागेत शेकोट्या पेटवतात, रात्रीचं पाणी देतात. तो झगडा या साचलेल्या गारव्याशीच असतो.

खोलगट जागा तलावाएवढी असावी लागत नाही. प्लॉटला थोडा उतार असेल आणि खालच्या अंगाला भरीव कंपाउंड भिंत असेल, तर ओघळत आलेली गार हवा त्या भिंतीशी अडते. जानेवारीत त्या कोपऱ्यातली केळ महिनाभर नवं पान काढत नाही, आणि तिच्याच मुनव्यापासून फाटकाजवळ लावलेली केळ मात्र तोऱ्यात वाढत असते. माणसं मग मातीला दोष देतात, खत वाढवतात. भिंतीच्या तळाशी चार विटा काढून हवेला वाट करून द्यावी, हे सहसा कुणाला सुचत नाही.

पेपरात छापून येतं ते तापमान मोकळ्या मैदानावरच्या, झडपांच्या पांढऱ्या पेटीत ठेवलेल्या तापमापकाचं असतं. पेटी जमिनीपासून साधारण चार फुटांवर. माणसाच्या छातीच्या उंचीचं हवामान ते. मेथी, कोथिंबीर, मिरचीचं रोप यांचं जगणं त्याच्या खूप खाली चालतं आणि तिथला हिशेब वेगळा असतो. जमिनीलगतच्या या हवेवर जर्मनीत रुडॉल्फ गायगर यांनी १९२७ साली पुस्तक लिहिलं आणि सूक्ष्महवामानाच्या अभ्यासाला पाया मिळाला. त्यानंतर पाचच वर्षांनी या विषयातला एक मोठा शोध भारतातून जगापुढे आला, आणि त्याचा पुण्याशी जवळचा संबंध आहे.

हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला हललं. शिवाजीनगरला ते जिथे आलं त्या चौकाला पुणेकर आजही ‘सिमला ऑफिस’ म्हणतात आणि रिक्षावाल्यालाही तेवढंच सांगितलं तरी पुरतं. इथे १९३२ मध्ये कृषी हवामानशास्त्राचा विभाग सुरू झाला आणि त्याची धुरा एल. ए. रामदास यांच्याकडे आली. जमीन रात्री सर्वांत लवकर गार होते, तेव्हा सर्वांत थंड हवा जमिनीला टेकलेली असणार, असं तोवर सगळे धरून चालत होते. रामदास आणि त्यांचे सहकारी आत्मनाथन यांच्या मोजणीत वेगळंच निघालं. निरभ्र, निवांत रात्री सर्वांत थंड थर जमिनीच्या वीत-हातभर वर तरंगत असतो. परदेशातल्या पंडितांना हे पटेना. मोजण्यातली चूक असेल, असं म्हटलं गेलं. पण पुढे इतरांच्या मोजणीतही तेच आलं आणि त्या थराला ‘रामदास थर’ हे नाव मिळालं. तो का तयार होतो याचा शोध घेण्यात रोद्दम नरसिंह यांच्यासारख्या भारतीय शास्त्रज्ञांनी पुढे कित्येक वर्षं घालवली.

वीत-हातभर उंची म्हणजे नेमकी नुकत्या लावलेल्या टोमॅटो-मिरचीची उंची. ओटीवरच्या तापमापकात बारा अंश दिसत असताना वाफ्यातल्या शेंड्याला त्याहून बरीच अधिक थंडी लागत असते. रोपावर रात्री गोणपाट किंवा बांबूची टोपली पालथी घातली की ते वाचतं. रोप आणि आकाश यांच्यामध्ये आडपडदा आला की उष्णता निसटत नाही. झाडाखाली लावलेल्या गाडीच्या काचेवर सकाळी दव नसतं आणि उघड्यावरची गाडी चिंब असते, तेही याच कारणाने.

थंडीचं एवढं पुरे. महाराष्ट्रातल्या बहुतेक परसांत खरा कारभारी सूर्य आहे, आणि त्याच्याबद्दल आपल्याकडे एक मोठा गैरसमज रुजलेला आहे.

बागकामाची इंग्रजी पुस्तकं आणि त्यांच्यावर पोसलेले व्हिडिओ सांगतात की दक्षिणेची बाजू उन्हाची, उत्तरेची सावलीची. भाजीपाला दक्षिणेला लावा. लंडनला हे बारा महिने खरं आहे. आपल्याकडे ते अर्धं वर्षही धड टिकत नाही. अख्खा महाराष्ट्र आणि गोवा कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. म्हणजे सूर्य वर्षातून दोनदा आपल्या डोक्यावरून जातो: एकदा उत्तरेकडे जाताना, एकदा परतताना. पुण्यात हे घडतं मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस. शून्य सावली दिवस म्हणून शाळांतून त्याचा आता छोटा उत्सवही होतो. कोल्हापूरला तो दिवस मेच्या पहिल्या आठवड्यात येतो, नागपूरला मेच्या शेवटच्या. या दोन तारखांच्या मध्ये सूर्य दिवसभर, उगवल्यापासून मावळेपर्यंत, आपल्या उत्तरेला असतो. पुण्यातल्या घराच्या दक्षिणेच्या भिंतीवर त्या अडीच महिन्यांत थेट ऊन अजिबात पडत नाही. उत्तरेच्या भिंतीवर पडतं.

डिसेंबरात याच्या बरोबर उलट. सूर्य पूर्वेच्या जवळजवळ २५ अंश दक्षिणेला उगवतो आणि भर दुपारीही क्षितिजापासून सुमारे ४८ अंशच चढतो. उंची जवळजवळ तेवढीच सावली. चौदा फूट उंचीच्या एकमजली घराची सावली उत्तरेकडे साडेबारा फूट पसरते. उत्तरेला दहा फुटांचा पट्टा सोडलेला असेल तर तो पुरता सावलीत बुडतो. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापासून मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत उत्तरेच्या भिंतीला सूर्य दिसतच नाही.

परसाचा नकाशा असा वर्षातून दोनदा उलटतो. म्हणून ‘ही जागा उन्हाची, ती सावलीची’ असं एकदाच ठरवून वाफे आखणं हे आपल्या अक्षांशाला धरून नाही. जागेला ऊन किती, हा प्रश्न अर्धवट आहे. कोणत्या महिन्यात किती, असं विचारलं तरच त्याचं उत्तर देता येतं. माझ्या मते परसबागेची निम्मी निराशा या एका प्रश्नाने टळेल. गावोगाव हल्ली गोल परसबागेचा आराखडा दाखवला जातो. मधून वाटा, भोवती पाकळ्यांसारखे वाफे. दिसायला सुरेख, मोकळ्या माळावर उत्तमच. पण घराला चिकटलेल्या जागेत प्रत्येक पाकळीचं ऊन वेगळं असतं आणि आराखड्याला ते ठाऊक नसतं.

उत्तरेच्या पट्ट्याचंच पाहू. बहुतेक लोक तो टाकून देतात, तिथे मोडकी सायकल आणि रंगाचे डबे ठेवतात. फेब्रुवारीपासून तिथे ऊन यायला लागतं, मे-जूनमध्ये भरपूर येतं, गणपतीनंतर ओसरतं, दिवाळीनंतर संपतं. आता हळदीचं वेळापत्रक पाहा. मे-जूनमध्ये गड्डे लावायचे, पावसाळाभर पानं माजतात, दिवाळीनंतर ती पिवळी पडू लागतात, जानेवारी-फेब्रुवारीत वाळतात आणि मग खणायची. पानांना ऊन हवं असतं त्या महिन्यांत उत्तरेला ऊन आहे, आणि ऊन जातं तेव्हा हळदीलाही पानांची गरज उरलेली नसते. आल्याचंही तसंच; अक्षय्य तृतीयेच्या सुमारास लावलेलं आलं या पट्ट्यात सुखाने वाढतं. दोन्ही पिकांना कडक उन्हाचा हट्ट नाही, थोडी सावली दोघांनाही मानवते. घराच्या उत्तरेची जागा टाकाऊ मानणारा माणूस बाजारातून आलं पावशेराने आणतो, याची गंमत वाटते.

हळद निघाली की त्या जागी मार्चमध्ये काकडी किंवा भेंडी पेरता येते, पण मग पुढची हळद उशिरा लागते. दोन्ही हवं असेल तर पट्टा मधोमध वाटून घ्यावा.

दक्षिणेचा पट्टा ऑक्टोबर ते फेब्रुवारी राजा असतो. तिरपं ऊन थेट भिंतीपर्यंत पोचतं, भिंत तापते, रात्री ती ऊब हळूहळू सोडते. टोमॅटो, मिरची, वांगी, वाल, पावटा या सगळ्यांना फळ धरायला रोज सहा तास तरी ऊन लागतं आणि हिवाळ्यात ते हमखास इथेच मिळतं. पालेभाजीचं तीन-चार तासांवर भागतं; तेव्हा मोक्याची जागा मेथीने अडवू नये. टोमॅटोची आणखी एक अट आहे. दिवसाचा पारा पस्तिशीच्या पुढे गेला आणि रात्रीही गारवा नसला की फुलं गळतात, झाड हिरवंगार राहूनही फळ धरत नाही. मार्चनंतर दक्षिणेच्या तापल्या भिंतीशी टोमॅटो ठेवण्यात अर्थ नसतो. पावसाळ्यात हा पट्टा उन्हाला पारखा होतो आणि नैऋत्येच्या पावसाच्या माऱ्यात सापडतो. तेव्हा तिथे ताग पेरून दीड-दोन महिन्यांनी गाडून टाकावा. जमिनीला खत मिळतं, आणि दसऱ्याला वाफे पुन्हा तयार असतात.

पूर्व आणि पश्चिम या बाजूंना वर्षभर जवळजवळ अर्धा-अर्धा दिवस ऊन मिळतं. कागदावर दोन्ही सारख्या. प्रत्यक्षात सकाळचं ऊन पडतं तेव्हा हवा गार असते, माती ओली असते, पानांवरचं दव लवकर सुकतं. पान जितका वेळ ओलं, तितकी करप्याला आणि केवड्याला संधी. म्हणून ज्यांना रोग लवकर धरतो अशी पिकं पूर्वेला. उन्हाळ्यातली कोथिंबीरही पूर्वेला, दुपारपासून घराच्या सावलीत. भर उन्हात पेरली तर उगवण विरळ आणि आलीच तर लगेच तुरे. पुदिन्यालाही पूर्वेचाच कोपरा, पाण्याच्या नळाजवळचा.

पश्चिमेला ऊन येतं तेव्हा हवा आधीच तापलेली असते. त्यात भिंत विटांची किंवा काळ्या दगडाची, खाली पेव्हर ब्लॉक, आणि वर कुणी वातानुकूलन यंत्राचा बाहेरचा पंखा बसवलेला. एप्रिल-मेमध्ये हा परसातला विदर्भ. लाल कोळी नावाची बारीक कीड अशाच कोरड्या, धुळीच्या, तापल्या जागी फोफावते. पानं करड्या ठिपक्यांनी भरतात आणि खाली बारीक जाळी दिसते. गवार, चवळी, भेंडी, शेवगा आणि कोरफड इथे टिकतात. बाकी भाज्यांचे हाल करू नयेत. पण याच भिंतीचा जानेवारीत उपयोग होतो. काकडी, दोडका, कारलं यांचं उन्हाळी बी जानेवारी-फेब्रुवारीत टाकतात आणि थंड मातीत ते रुसून बसतं. पश्चिमेच्या भिंतीलगत पिशव्यांत रुजवलं तर रात्रीच्या उबेने लवकर वर येतं. रोपं दोन पानांवर आली की हव्या त्या जागी हलवावीत.

मातीच्या रंगाचाही यात हात आहे. उघडी काळी जमीन उन्हाळ्याच्या दुपारी वरच्या थरात साठ अंशांच्याही पुढे तापते. रामदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याच्या काळ्या मातीवर पांढऱ्या भुकटीचा पातळ थर देऊन पाहिला, तर खालची माती लक्षणीय गार राहिली. घरी भुकटीची गरज नाही. वाळका पालापाचोळा, उसाचं पाचट, भाताचा पेंढा यांचं तीन-चार बोटं जाड आच्छादन तेच काम करतं, वर ओलही धरून ठेवतं. हिवाळ्यात मात्र दक्षिणेच्या वाफ्यावरचं आच्छादन थोडं बाजूला सारावं, म्हणजे माती ऊन खाते.

आता पावसाळा. तेव्हा सूर्य उत्तरेला असला तरी ढगांच्या आडच असतो. प्रकाश साऱ्या आकाशातून पसरून येतो आणि दिशेला फारसा अर्थ उरत नाही. त्या दिवसांत मोजायचं ते आकाश. वाफ्याजवळ उकिडवं बसून वर पाहावं: किती आभाळ दिसतं? उंच भिंतीच्या पायथ्याशी निम्मंच दिसत असेल तर प्रकाशही निम्माच मिळणार. समोरच्या भिंतीला चुना दिला तर त्यात चांगली भर पडते. श्रावणातले दोडक्याचे, पडवळाचे मांडव अंगणाच्या मध्यात उभे करतात त्यामागे हेच शहाणपण आहे.

पाऊसही परसात सारखा पडत नाही. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस होतो आणि घाट उतरून वाईला आलं की तो हजाराच्याही आत येतो. घर हा तसाच एक छोटा सह्याद्री आहे. मोसमी वारा नैऋत्येकडून सरी घेऊन येतो, दक्षिण-पश्चिमेच्या भिंती भिजून काळ्या पडतात, आणि ईशान्येच्या भिंतीलगत, छज्ज्याखाली, हात-दोन हात रुंदीची पट्टी भर आषाढातही कोरडी असते. तिथली रोपं पावसाळ्यात पाण्यावाचून वाळतात आणि मालकाच्या ते ध्यानीही येत नाही, कारण पावसाळ्यात कोण पाणी घालतो? पागोळ्या पडतात त्या रेषेवर उलट संकट. पाचशे चौरस फुटांच्या छपरावर इंचभर पाऊस झाला तर हजार लिटरांहून अधिक पाणी त्या एका रेषेवर कोसळतं. नाजूक रोपांची मुळं उघडी पडतात, चिखल पानांच्या खालच्या बाजूला उडतो आणि त्याबरोबर मातीतली बुरशीही. पागोळ्यांच्या रेषेवर खडी टाकावी, पलीकडे कर्दळ किंवा अळू लावावं. पपई या पाण्याच्या वाटेत चुकूनही नको. एक-दोन दिवस मुळाशी पाणी तुंबलं तरी ती कोलमडते. तिला उंचवट्यावरची, निचऱ्याची जागा हवी.

मोरीच्या सांडपाण्यावर अळू आणि केळ, हे समीकरण आपल्याकडच्या बायकांनी कोणत्याही शास्त्रज्ञाच्या आधी सोडवलं. त्याच मोरीजवळ लिंबू लावणं मात्र फसतं. लिंबाला, आंब्याला फुलोऱ्याआधी पाण्याचा ताण लागतो. बारमाही ओल मिळणारं लिंबाचं झाड पालवीने भरतं आणि फळ बेताचं देतं. लिंबू हात धुण्याच्या जागेपासून दूर, पश्चिमेच्या कडक उन्हात. आंब्याखालीही भाजीचे वाफे करू नयेत. सावली हे एक कारण, मुळांची चढाओढ दुसरं. आणि तिसरं हे, की भाजीला दिलेलं पाणी आंब्याचा ताण मोडतं.

सावलीचं सोनं करण्याची विद्या कोकणाने फार पूर्वी आत्मसात केली. तिथलं परसू मजल्यामजल्यांचं असतं. वर माड, त्याखाली पोफळी, पोफळीवर चढलेली मिरवेल, तळाशी हळद, आलं, अळू, अननस. प्रत्येक मजला खालच्याला सावली, ओलावा आणि वाऱ्यापासून आडोसा देतो. मिरवेलीला जे हवं, तेच वरची झापं तयार करतात. घाटावर असं होत नाही म्हणणाऱ्यांनी मिरजेच्या बाजूचे, आरग-बेडगचे पानमळे पाहावेत. विड्याच्या पानाची वेल ही दमट सावलीची. दख्खनच्या कोरड्या वाऱ्यात ती आठवडाभर तगायची नाही. तिथल्या शेतकऱ्यांनी शेवरी, शेवगा, पांगारा दाट लावले, त्यांच्यावर वेल चढवली, कडेने आडोसा केला, पाणी खेळतं ठेवलं. मळ्याच्या आत शिरलं की बाहेरचा मे महिना बाहेरच राहतो. हवामानाला पीक शोधण्याऐवजी पिकासाठी हवामान उभं केलं, आणि परसात हे छोट्या प्रमाणावर कुणालाही जमतं. पश्चिमेला शेवग्याची दोन झाडं लावली की त्यांच्या विरळ सावलीत उन्हाळ्यातही पालक, चाकवत निघतो. शेडनेटपेक्षा हे स्वस्त, आणि शेंगा मिळतात त्या वेगळ्याच.

वाऱ्याबद्दल एकच गोष्ट. भरीव भिंत वारा थांबवत नाही, उडी मारायला लावते. पलीकडे तो भोवरे करत खाली आदळतो. निम्मा वारा गाळून घेणारं झुडपांचं कुंपण, मग ते मेंदीचं असो, अडुळशाचं की निरगुडीचं, त्याच्या उंचीच्या आठ-दहा पट अंतरापर्यंत वाऱ्याचा जोर कमी करतं. समुद्रकाठी खाऱ्या वाऱ्यापुढेही हाच इलाज. पण फार दाट कोपरेही बरे नव्हेत. जिथे हवा हलतच नाही तिथे भोपळ्याच्या, काकडीच्या पानांवर भुरी धरते.

हे सगळं आपल्या परसात कुठे कुठे आहे हे शोधायला उपकरणं लागत नाहीत. एक रांगोळीचा डबा पुरतो. वर्षातून दोन दिवस निवडावेत, एक डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यातला आणि एक मेच्या मध्यावरचा. सकाळी नऊला घराची, झाडांची, कंपाउंडची सावली जिथवर असेल तिथे रेघ ओढावी, मग दुपारी, मग साडेतीनला. दुपार म्हणजे घड्याळातले बारा नव्हेत. आपलं घड्याळ मिर्झापूरच्या बाजूने जाणाऱ्या रेखांशावर लावलेलं आहे, त्यामुळे पुण्यात सूर्य माथ्यावर येतो साडेबाराच्या आसपास, नागपुरात सव्वाबाराला. तीनही रेघांच्या बाहेर राहिलेली जागा त्या ऋतूतली पूर्ण उन्हाची. रेघांचा फोटो काढून ठेवावा, कारण मेमध्ये डिसेंबरच्या रेघा आठवत नाहीत.

बाकीची माहिती घरातच असते. आजी पापड-कुरडया कुठे वाळत घालायची, विचारून घ्या. ऊन, वारा आणि कोरडेपणा तिन्ही जुळतात अशी ती जागा. लाल मिरची तिथेच चांगली पिकेल. हिवाळ्यात सकाळी मांजर कुठे जाऊन बसतं, पावसाळ्यानंतर शेवाळ कुठे सर्वांत उशिरा सुकतं, दव कुठे दहापर्यंत टिकतं. रात्रीचा उजेड कुठवर येतो, हेही एकदा बाहेर उभं राहून पाहावं. जुन्या गावठी वालाला आणि शेवंतीला लांब, अखंड रात्र लाभली तरच फुलं येतात. रस्त्यावरच्या दिव्याखाली किंवा रात्रभर जळणाऱ्या पोर्चच्या दिव्याजवळ वाल मांडवभर पसरतो आणि शेंग धरत नाही. खताने ते सुधारत नाही. दिवा मालवल्याने सुधारतं.

एक अडचण राहते, आणि शहरांच्या कडेला राहणाऱ्यांना ती आज ना उद्या भेटतेच. दक्षिणेच्या मोकळ्या प्लॉटवर चार मजली इमारत उभी राहते. पंचेचाळीस फूट उंचीची असेल तर डिसेंबरच्या दुपारी तिची सावली उत्तरेकडे चाळीस फूट येते. सगळं परसच घराच्या उत्तरेचा पट्टा होऊन बसतं. लोक हताश होऊन फरशा घालतात. पण तीच सावली मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात पंधरा फुटांवर येते, आणि मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारची सावली आपल्याकडे पडतच नाही. गेला तो हिवाळा. उन्हाळा आणि पावसाळा शाबूत आहेत. टोमॅटो आणि वांग्याच्या कुंड्या ऑक्टोबरात गच्चीवर न्याव्यात. खाली आलं, हळद, अळू, पुदिना यांचं राज्य वाढवावं. काकडीचा वेल मात्र पूर्वीच्याच जागी, पूर्वीच्याच मांडवावर, फेब्रुवारीच्या अखेरीस चढवायला हरकत नाही.